ग्रंथालय-तालिका व ग्रंथपाल

ग्रंथालयात कोणते ग्रंथ आहेत व ते कोठे ठेवले आहेत, हे वाचकास सांगणारी नोंदींची पद्धतशीर मांडणी म्हणजे ग्रंथालय-तालिका होय. दाखल नोंदवहीहून ती भिन्न असते. दाखल नोंदवहीत ग्रंथ ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने नोंदविले जातात. तिचा उपयोग मुख्यतः मालमत्तेच्या हिशेबासाठी होतो. तालिका मात्र वाचकाच्या प्रश्नाभोवती रचलेली असते. त्याला लेखकाचे नाव ठाऊक असेल, ग्रंथनाम ठाऊक असेल किंवा केवळ विषय ठाऊक असेल. यांपैकी कोणत्याही मार्गाने तो ग्रंथापर्यंत पोहोचावा, अशी अपेक्षा असते. तालिकेचे साधन गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलले. बांधीव वही, खुली पत्रे, छापील पत्रे व संगणकीय नोंद असा तिचा प्रवास झाला आणि प्रत्येक टप्प्यावर ग्रंथपालाच्या कामाचा काही भाग त्याच्या हातून सुटला. नक्कल करण्याचे श्रम कमी होत गेले. नोंद कोणत्या नावाखाली करावयाची हा निर्णय मात्र त्याच्याकडेच राहिला व त्याचे परिणाम अधिक दूरवर पोहोचू लागले.

पूर्वेतिहास : ॲलेक्झांड्रिया येथील ग्रंथसंग्रहाच्या आधारे कॅलिमाकस या ग्रीक कवीने इ. स. पू. तिसऱ्या शतकात १२० गुंडाळ्यांची सूची तयार केली होती. मध्ययुगीन मठांतील याद्या त्या मानाने लहान असत. छपाईच्या प्रसारानंतर ग्रंथांची संख्या वाढली. परंतु तालिका बांधीव वहीतच लिहिली जात असल्यामुळे नव्या ग्रंथाची नोंद योग्य जागी घालण्यास वाव उरत नसे. समासात व ओळींच्या मध्ये नोंदी दाटत जात आणि काही वर्षांनी संपूर्ण वही पुन्हा लिहावी लागे.

या अडचणीतून सुटण्याचा मार्ग क्रांतिकाळातील फ्रान्समध्ये निघाला. चर्चच्या व सरदारांच्या जप्त केलेल्या ग्रंथसंग्रहांची राष्ट्रव्यापी नोंद करण्यासाठी १७९१ मध्ये ज्या सूचना काढण्यात आल्या, त्यांत नोंदी खेळण्याच्या पत्त्यांवर कराव्यात असे सांगितले होते. त्या काळी पत्त्यांची मागची बाजू कोरी असे व पत्ते सर्वत्र सहज मिळत. लेखकाचे आडनाव अधोरेखित करून पत्ते वर्णक्रमाने लावावयाचे व कोपऱ्यात दोरा ओवून एकत्र ठेवावयाचे, अशी पद्धत होती. योजना तडीस गेली नाही. तथापि, एका ग्रंथास एक सुटे पत्र आणि पत्रांचा क्रम हवा तेव्हा बदलता येणे, हे पुढील दीडशे वर्षांच्या पद्धतीचे मूळ तत्त्व त्यात आढळते.

ब्रिटिश म्यूझियममधील वाद : नियमबद्ध तालिकेचा खरा पाया लंडन येथे घातला गेला. मूळचे इटालियन व राजकीय निर्वासित असलेले अँटोनिओ पानीत्सी (१७९७–१८७९) हे १८३७ मध्ये ब्रिटिश म्यूझियमच्या मुद्रित ग्रंथ विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले ९१ नियम १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. विश्वस्तांना तालिका लवकर छापून हवी होती. वाचकांनाही पानीत्सींचे नियम म्हणजे निष्कारण दिरंगाई वाटे. १८४७ मध्ये नेमलेल्या राजकीय आयोगापुढे थॉमस कार्लाइलसारख्या नामवंत लेखकाने संग्रहालयाच्या व्यवस्थेबद्दल नाराजी व्यक्त केली. आयोगाचे सचिव जॉन पेन कॉल्यर यांनी तर तालिकेचे काम झपाट्याने होऊ शकते हे दाखविण्यासाठी स्वतःच्या संग्रहातील २५ ग्रंथांच्या नोंदी करून दिल्या. पानीत्सींचे सहायक जॉन विंटर जोन्स यांनी त्या तपासल्या, तेव्हा तालिकीकरणात संभवणारे बहुतेक सर्व दोष त्या २५ नोंदींत आढळून आले. एवढ्या वादात निर्णायक ठरलेला पुरावा हाच म्हणावा लागेल. ग्रंथाची नोंद ही मुखपृष्ठाची नक्कल नव्हे. एकाच कृतीच्या निरनिराळ्या आवृत्त्या व भाषांतरे एकत्र यावीत आणि एकाच नावाच्या दोन लेखकांची सरमिसळ होऊ नये, यासाठी लिहिणाऱ्यास विचार करावा लागतो, हे त्यातून सिद्ध झाले.

मात्र नियम शास्त्रशुद्ध असले, तरी साधन अपुरेच होते. म्यूझियमने नोंदींच्या चिठ्ठ्या मोठ्या बांधीव खंडांत सैल चिकटविण्याची पद्धत स्वीकारली. नवी नोंद आली की जुन्या चिठ्ठ्या काढून पुन्हा डकवावयाच्या. खंडांची संख्या दोन हजारांवर गेल्यानंतर वाचनकक्षात त्यांना जागा पुरेना आणि अखेर १८८१ पासून तालिका छापण्यास आरंभ झाला.

तालिकापत्रांचे युग : अमेरिकेतील हार्व्हर्ड महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एझ्रा ॲबट (१८१९–८४) यांनी १८६१ मध्ये वाचकांनी स्वतः हाताळावी अशी पत्र-तालिका सुरू केली. तोवर पत्रे असली, तरी ती कर्मचाऱ्यांच्या उपयोगासाठीच असत. १८७६ हे वर्ष या इतिहासात विशेष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी फिलाडेल्फिया येथे अमेरिकन ग्रंथालय संघाची स्थापना झाली, मेल्व्हिल ड्यूई (१८५१–१९३१) यांची दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली आणि चार्ल्स कटर (१८३७–१९०३) यांनी कोशरूप तालिकेचे नियम मांडले. कटर यांनी तालिकेची उद्दिष्टे जितक्या स्पष्टपणे सांगितली, तितक्या स्पष्टपणे ती त्यापूर्वी कोणी सांगितली नव्हती. ड्यूई यांची दृष्टी अधिक व्यावहारिक होती. सर्व ग्रंथालयांची पत्रे एकाच आकाराची असतील, तर एकाने केलेले काम दुसऱ्यास उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखले. १२·५ × ७·५ सेंमी. आकाराचे, तळाशी छिद्र असलेले व खणातील सळईत अडकविलेले तालिकापत्र त्यामुळे जगभर रूढ झाले.

ड्यूई यांनी १८८७ मध्ये कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथपालांसाठी पहिले विद्यालय काढले. त्यातील पहिल्या २० विद्यार्थ्यांपैकी १७ स्त्रिया होत्या आणि त्यांच्या प्रवेशावरून महाविद्यालयाच्या चालकांशी ड्यूई यांचा संघर्ष झाला. स्त्रियांना या व्यवसायाचे दार उघडले खरे. पण कमी वेतनात सुशिक्षित मनुष्यबळ मिळते, हा हिशेबही त्यामागे होता. या विद्यार्थिनींना जे शिकविले जाई, त्यात ग्रंथालयीन हस्ताक्षर हा एक विषय असे. अक्षरे सुटी, गोलसर व एकसारखी, कोणाच्याही हातची असली तरी सारखीच दिसणारी अशी ती वळणाची लिपी होती. टंकलेखन यंत्र सार्वत्रिक झाल्यावर हे कौशल्य निरुपयोगी ठरले.

त्याहून मोठा बदल १९०१ मध्ये झाला. वॉशिंग्टन येथील काँग्रेस ग्रंथालयाने हर्बर्ट पटनम यांच्या कारकीर्दीत आपली छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकण्यास सुरुवात केली. एखाद्या गावातील ग्रंथपालास आता प्रत्येक ग्रंथाची नोंद स्वतः तयार करण्याचे कारण उरले नाही. पत्रे मागवून त्यांवर आपल्या ग्रंथालयाचा बोधांक घातला की काम भागे. वाचलेला वेळ वाचकांना संदर्भसेवा देण्यात, मुलांच्या विभागात व वस्त्यांमधील शाखांत खर्च होऊ लागला. विसाव्या शतकातील सार्वजनिक ग्रंथपालाची जी प्रतिमा तयार झाली, तिच्या मुळाशी छापील पत्रांमुळे मिळालेली ही सवड आहे. तिची किंमतही द्यावी लागली. वॉशिंग्टनमध्ये एखाद्या विषयाला जे नाव दिले जाई, तेच सर्वत्र रूढ होई व स्थानिक वाचक त्या विषयाला काय म्हणतो, याचा विचार मागे पडे.

भारतातील प्रारंभ : ही पद्धत भारतात आणण्याचा मान बडोदे संस्थानास दिला पाहिजे. सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० मध्ये बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन यांनी तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, फिरती ग्रंथालये व स्थानिक वर्गीकरण पद्धती यांची घडी बसविली. भारतातील ग्रंथालयशास्त्राचे पहिले प्रशिक्षण १९११ मध्ये तेथेच सुरू झाले. त्याच चळवळीतून १९१२ मध्ये निघालेल्या लायब्ररी मिसेलनी या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. आपल्या व्यवसायाविषयी मराठीतून विचार करण्याची सोय ग्रंथपालांना अशा रीतीने प्रथम बडोद्यात झाली.

शि. रा. रंगनाथन (१८९२–१९७२) हे १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, तेव्हा ते गणिताचे प्राध्यापक होते व ग्रंथालयातील एकांत त्यांना प्रारंभी असह्य झाला होता. लंडन येथे प्रशिक्षण घेत असताना एका मोठ्या दुकानात त्यांना मेकॅनो हे खेळणे दिसले. ठराविक सुटे भाग निरनिराळ्या रीतींनी जोडून अनेक वस्तू करता येतात, या कल्पनेतून त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती (१९३३) आकारास आली. १९३४ मध्ये त्यांची वर्गीकृत तालिका-संहिता प्रसिद्ध झाली. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे त्यांच्या पाच सिद्धांतांपैकी (१९३१) शेवटचे सूत्र तालिकेलाही लागू पडते. पाश्चात्त्य नियम जसेच्या तसे न स्वीकारता भारतीय नावांचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. [→ ग्रंथवर्गीकरण].

मराठी ग्रंथांचे प्रश्न : मराठी ग्रंथांच्या तालिकीकरणात या आग्रहाचे महत्त्व चांगले ध्यानात येते. आधुनिक मराठी लेखकांची नोंद आडनावाखाली होते. परंतु ज्ञानेश्वर, तुकाराम किंवा मोरोपंत यांना तो नियम लावता येत नाही. टोपणनावांची परंपरा तर फारच समृद्ध आहे. राम गणेश गडकरी यांनी कविता ‘गोविंदाग्रज’ व विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने केले. वि. वा. शिरवाडकर यांची नाटके त्यांच्या स्वतःच्या नावाने, तर कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने वाचकांच्या ओळखीची आहे. कळ्यांचे निःश्वास (१९३३) या पुस्तकाच्या लेखिका विभावरी शिरूरकर म्हणजेच पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे व विवाहानंतरच्या मालतीबाई बेडेकर. एका लेखिकेची ही तीन नावे तालिकेत तीन ठिकाणी विखुरली, तर वाचकाच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या व्यक्ती ठरतात. त्यांना परस्परांशी जोडणारे ‘पहा’ हे निर्देशपत्र लिहिणे, हे ग्रंथपालाच्या वाङ्मयीन जाणकारीचे काम आहे. छापील पत्रे विकत घेण्याची सोय मराठी ग्रंथांना नव्हती. ते काम जेथल्या तेथे, हातानेच होत राहिले. शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची (१८००–१९३७) १९४३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर या कामास प्रथमच भक्कम आधार मिळाला. पुढील काळाचा (१९३८–५०) खंड १९६१ मध्ये निघाला. एकट्या माणसाच्या चिकाटीवर उभे राहिलेले हे काम खरे तर एखाद्या संस्थेने करावयास हवे होते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. अनुदानास पात्र ठरलेल्या ग्रंथालयांची अ, ब, क व ड अशी वर्गवारी झाली. तपासणीच्या निमित्ताने नोंदवह्या व तालिका यांना काहीशी शिस्त आली.

संगणकाचा प्रवेश : काँग्रेस ग्रंथालयाने संगणकाच्या उपयोगाची चाचपणी १९६० नंतरच्या दशकात सुरू केली. या कामाची सूत्रे हेन्रिएट ॲव्हरॅम (१९१९–२००६) यांच्याकडे होती. त्या मूळच्या ग्रंथपाल नव्हत्या, तर संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या होत्या. तालिकापत्रावरील कोणता मजकूर लेखकाचे नाव आहे व कोणता ग्रंथनाम आहे, हे माणसाचा डोळा जागेवरून व विरामचिन्हांवरून ओळखतो. यंत्राला ते प्रत्येक वेळी सांगावे लागते. म्हणून ॲव्हरॅम यांनी नोंदीच्या प्रत्येक घटकास अंक दिला : मुख्य लेखकास १००, ग्रंथनामास २४५, विषयास ६५० इत्यादी. ‘मार्क’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी ही रचना १९६६ पासून १६ ग्रंथालयांत प्रायोगिक रीत्या वापरली गेली व १९६८ मध्ये तिला सुधारित रूप मिळाले. नोंदीचे हे पृथक्करण करताना ग्रंथपालांना आपल्याच नियमांतील अनेक संदिग्धता प्रथमच स्पष्ट दिसल्या. सवयीने जे चालत होते ते शब्दांत मांडण्याची वेळ आली.

फ्रेडरिक किलगोर (१९१४–२००६) यांनी ओहायओ राज्यातील महाविद्यालयांच्या सहकार्यातून १९६७ मध्ये स्थापन केलेल्या केंद्राने २६ ऑगस्ट १९७१ रोजी सामायिक तालिकीकरण सुरू केले. पहिल्या दिवशी १३३ ग्रंथांच्या नोंदी झाल्या. एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्यास दूरमुद्रकासारख्या तारेने जोडलेल्या पडद्यावर तत्काळ मिळू लागली. या संगणकाचे मुख्य काम आरंभी तालिकापत्रे छापण्याचेच होते, ही गोष्ट मनोरंजक आहे. १९८५ या एका वर्षात केंद्राने सु. १३ कोटी १० लक्ष पत्रे छापली. नवे साधन प्रथम जुन्याच साधनाची सेवा करते. दरम्यान काँग्रेस ग्रंथालयाने १९८१ च्या आरंभी आपल्या पत्र-तालिकेत नवी पत्रे घालणे थांबविले. १९५६ पूर्वीच्या ग्रंथांच्या अमेरिकन संयुक्त तालिकेचा ७५४ वा म्हणजे अखेरचा छापील खंड त्याच वर्षी बाहेर पडला. तालिकापत्रांची शेवटची छपाई १ ऑक्टोबर २०१५ रोजी झाली.

जुनी पत्रे संगणकात उतरविण्याच्या कामाने ग्रंथपालांत मतभेद निर्माण केले. हे काम बहुधा कंत्राटाने व पत्राची फक्त पुढची बाजू पाहून करण्यात आले. अनेक पिढ्यांच्या ग्रंथपालांनी पत्रांच्या मागे केलेल्या टिपा, दुरुस्त्या व परस्परनिर्देश त्यात गळून पडले. निकल्सन बेकर या अमेरिकन लेखकाने १९९४ मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकातील दीर्घ लेखात यावर कठोर टीका केली. ग्रंथपालांनी त्याला स्मरणरंजन म्हटले. परंतु नोंदी खरोखरच गळाल्या होत्या, हा त्याचा मुद्दा खोडला गेला नाही.

भारतात युनेस्कोची विनामूल्य आज्ञावली १९८५ नंतर लहान संगणकांवर वापरता येऊ लागली आणि तिच्याद्वारे अनेक ग्रंथपालांचा संगणकाशी पहिला परिचय झाला. दिल्ली येथे १९८८ मध्ये ग्रंथालयांचे जाल उभारण्यात आले. विद्यापीठांसाठी १९९१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. न्यूझीलंडमधील एका ग्रामीण ग्रंथालयासाठी तयार झालेली व २००० मध्ये वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त आज्ञावली परवाना-शुल्क नसल्यामुळे भारतातही पसरली.

लिपीचा अडसर : संगणकाची आरंभीची सर्व रचना रोमन लिपीसाठी होती. काँग्रेस ग्रंथालयाने १९६२ मध्ये दिल्ली येथे कार्यालय उघडल्यानंतर मराठी ग्रंथ मोठ्या संख्येने अमेरिकन विद्यापीठांत पोहोचले. पण त्यांच्या नोंदी रोमन लिप्यंतरातच झाल्या. चिनी, जपानी, अरबी, हिब्रू इ. लिप्यांची सोय १९८० नंतरच्या दशकात झाली, देवनागरीची झाली नाही. लिप्यंतरात अक्षराखालचे टिंब वगळले की ‘त’ व ‘ट’ किंवा ‘न’ व ‘ण’ यांतील भेद नाहीसा होतो. परदेशातील मराठी वाचकास आपल्या भाषेतील ग्रंथ शोधण्यासाठी आपलीच भाषा परक्या अक्षरांत लिहावी लागे.

महाराष्ट्रात वेगळीच अडचण उद्भवली. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी प्रमाणित संकेतावली ठरली व त्याच वर्षी युनिकोडमध्येही देवनागरीचा समावेश झाला. तथापि, पुढील अनेक वर्षे मजकूर विशिष्ट टंकांवर अवलंबून असलेल्या पद्धतींनी भरला जात होता. एका टंकात भरलेली नोंद दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. अशा नोंदी पुढे युनिकोडमध्ये आणताना ग्रंथपालांना पुष्कळदा सर्व काम नव्याने करावे लागले. बांधीव वही पुन्हा लिहिण्याचा जुना त्रास नव्या स्वरूपात परत आला, असेच म्हणावे लागेल.

युनिकोडमुळे लिपीचा प्रश्न सुटला, लेखनाचा सुटला नाही. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये ठरले व अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘कांहीं’ असते, आजचा वाचक ‘काही’ असे शोधतो. पत्र-तालिकेत दोन्ही पत्रे एकाच खणात जवळजवळ येत व बोटाने चाळताना सापडत. यंत्र मात्र अक्षरशः जुळणारी नोंदच दाखविते. ‘ग्रंथ’ व ‘ग्रन्थ’ ही दोन्ही रूपे प्रचारात आहेत. ‘कादंबऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे भरता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना ते भिन्न ठरतात. जुन्या ग्रंथांवर शालिवाहन शक छापलेला असतो. त्यात ७८ मिळविल्यास इसवी सन येतो, पण वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात, आणि महिना छापलेला नसला तर नोंदीत दोन्ही वर्षे द्यावी लागतात. मूळ रूप जसेच्या तसे ठेवून त्याच्या जोडीला प्रमाण रूप देणे हा यावरील उपाय आहे. तो आज्ञावलीत आपोआप होत नाही. ग्रंथ हातात घेऊन, लेखक ओळखून, एकेका नोंदीत तो करावा लागतो. लहान गावांतील ग्रंथालयांत हे काम प्रमाणपत्र वर्ग पूर्ण केलेला, अल्प वेतनावरील एकच कर्मचारी सकाळ-संध्याकाळच्या देवघेवीतून वेळ काढून करतो. अनेक ठिकाणी तालिकापत्रांचे जुने खण त्याच्या टेबलाशेजारी अद्याप उभे असतात, कारण संगणकातील नोंद पडताळून पाहण्यास त्यांचाच आधार घ्यावा लागतो.